आठ-दहाचा वारा

पाकीट नेहमीचंच खाकी होतं, पण आवक-जावक बाईंनी ते इतर टपालासारखं टेबलावर सरकवलं नाही. हातात आणून दिलं, आणि दिल्यावर तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी ते आधीच फोडून वाचलं होतं, आवक नोंदवायची तर वाचावंच लागतं. "घ्या आठवाजे," त्या म्हणाल्या, "आता तुमच्याशी बोलायलाही अर्ज करावा लागणार." आठवाजे हे त्याचं आडनाव नव्हतं. पण रोज सकाळी आठ वाजता अंगणातल्या तापमापकांच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडणाऱ्या माणसाला कचेरीनं ते आडनाव केव्हातरी चिकटवलं होतं आणि आता खरं आडनाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. पाकिटात दोन कागद होते. पहिल्यावर लिहिलं होतं की उत्कृष्ट शासकीय सेवेबद्दल दिल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सन्मानासाठी हवामान खात्यातून या वर्षी त्याच्या एकट्याचं नाव पुढं गेलं आहे. एकतीस वर्षं, रोज दोन वेळा, एकही खाडा न पडता घेतलेली निरीक्षणं. सन्मान राजधानीत दिला जाईल, सोबत एक जण नेता येईल. त्यानं हे वाचलं आणि पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती ही, की यांचं चुकलंय. खाडा आहे. एक आहे.

तो खाडा त्याला तोंडपाठ होता. तीन वर्षांपूर्वीची सकाळ, आठ वाजताचं निरीक्षण, तारीख तर तो झोपेतही सांगू शकला असता. त्या दिवशी त्या वेळी तो पेटीपाशी नव्हता, दवाखान्यात होता, बायकोचा हात हातात घेऊन बसला होता, आणि ती गेली. निरीक्षण चुकलं तर तिथं आडवी रेघ मारायची असा नियम आहे. अंदाजानं आकडा घालायचा नाही, रकाना कोरा ठेवायचा नाही, रेघ मारायची. वह्या वर्षाअखेरीस मुख्य कचेरीत जातात, त्यामुळं त्यानं ती रेघ परत कधी पाहिली नव्हती, पण ती तिथं आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याचा त्याला एक प्रकारचा आधार होता. घरात तिचा फोटो होता, कपाटात तिचे कपडे होते, मुलगी म्हणायची ते आता कुणाला तरी देऊन टाका. पण एकतीस वर्षांच्या आकड्यांमधे मारलेली ती एक रेघ ही त्यानं तिला दिलेली एकच गोष्ट होती. तिच्यासाठी त्यानं एकदा, एकदाच, पेटीकडं पाठ फिरवली होती. तेव्हा सन्मान न मिळाला तरी चालेल, पण रेघ आहे हे कळवायला हवं, असं मनाशी म्हणत त्यानं दुसरा कागद उघडला. त्यात पडताळणी समितीनं एकाच मुद्द्याचा खुलासा मागितला होता. तारीख तीच होती. त्या दिवशी सकाळच्या निरीक्षणासमोर शेऱ्याच्या रकान्यात आपण 'आठ-दहाला वारा पूर्ण थांबला, एक मिनिट' असं लिहिलं आहे, मात्र इमारतीच्या छतावरील स्वयंलेखी यंत्राच्या आलेखात असा खंड दिसत नाही, तरी खुलासा करावा.

त्यानं कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. आवक-जावक बाई अजून उभ्याच होत्या. त्यानं त्यांना विचारलं, त्या दिवशी सकाळी वाचन कुणी घेतलं होतं? त्या खाली बघून म्हणाल्या, दुसरं कोण घेणार, तुम्हीच की. मी खिडकीत होते. तुम्ही पेटीचं दार उघडून उभे होतात, कडी धरून. पाऊण तास लवकर आले होते मी त्या दिवशी, म्हटलं तुमची मंडळी दवाखान्यात आहे, काही लागलं-सवरलं तर असावं कुणीतरी. दोन हाका मारल्या. तुम्ही ऐकलं नाही. त्या असंही म्हणाल्या की त्यांना ते तेव्हा विचित्र वाटलं होतं, पण दुपारी बातमी आली आणि मग कशाचंच काही वाटेनासं झालं. त्यानं मान हलवली. मनात तो म्हणाला, बाईंचा दिवस चुकतोय. आदल्या दिवशीचं सांगताहेत.

कारण ती सकाळ त्याच्याजवळ होती, धडधडीत होती. इतर आठवणी कशा पुसट होत जातात, लग्नाचा दिवस तर त्याला आता फक्त फोटोइतकाच आठवायचा, पण ही आठवण अंगाला चिकटून होती. खिडकीला आडव्या पांढऱ्या पट्ट्यांच्या झडपा होत्या. त्यातून सकाळचं ऊन आत येत होतं, पट्ट्यापट्ट्यांनी, तिच्या तोंडावरून, पांघरुणावरून, त्याच्या मनगटावरून. एक पट्टी उजेडाची, एक सावलीची. तिचं बोट त्याच्या मुठीत होतं. हात नव्हे, एक बोट. शेवटी शेवटी ती इतकी वाळली होती की बोट म्हणजे नुसतं हाड होतं, गार, आणि वरून दमट. त्यानं ते घट्ट धरलं होतं. मग सगळं थांबलं. म्हणजे आवाज थांबला. कसला आवाज ते त्याला सांगता आलं नसतं, पण काहीतरी इतका वेळ चालू होतं ते थांबलं, आणि त्याला कळलं की ती गेली. एवढंच. मुलगी लांबच्या गावाहून संध्याकाळी पोचली तेव्हा दारातच त्यानं तिला हे सांगितलं होतं, की मी जवळ होतो, हात धरून होतो. मुलीनं ते ऐकून त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. ती वेळेवर पोचू शकली नव्हती, आणि बाबा जवळ होते या एका गोष्टीवर तिनं ते तीन दिवस काढले. अजूनही फोनवर कधी विषय निघाला की ती तेच म्हणायची, तुम्ही होतात ना बाबा, मग झालं.

साहेबांनी दुपारी आत बोलावलं. साहेब वयानं त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान होते, सज्जन होते, आणि आपल्या कचेरीचं नाव राजधानीत घेतलं जाणार म्हणून खरोखर आनंदात होते. मुख्य कचेरीनं त्या पानाची प्रत पाठवली होती, ती त्यांनी टेबलावर पसरली. त्यानं वाकून पाहिलं. रेघ नव्हती. कोरड्या तापमापकाचा आकडा होता, ओल्याचा होता, दाब होता, ढग होते, वारा होता. सगळं त्याच्या अक्षरात. सात ज्या तिरकस आकडीनं तो काढायचा तसा सात, आणि ओळ संपली की पेन टेकवून ठेवायची त्याची सवय होती तो ठिपकासुद्धा होता. माणूस आरशात बघतो आणि आरशातल्यानं डोळे मिटलेले असतात, तसं त्याला झालं. तो म्हणाला, हे मी लिहिलं नाही. साहेबांनी हसून विचारलं, मग काय भुतानं लिहिलं? त्यांनी बोटानं दाबाचा आकडा दाखवला. त्या सकाळी दाब एकाएकी घसरला होता, आदल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच सकाळी, आणि शेजारच्या तीन केंद्रांच्या नोंदी तो घसरलेला दाखवत होत्या. हा आकडा घरी बसून कुणालाही सुचला नसता. जो कुणी होता तो आठ वाजता दाबमापकाच्या नळीसमोर उभा राहून पारा बघत होता.

प्रशिक्षणाला होता तेव्हा एक म्हातारे मास्तर शिकवायला होते, दातांच्या कवळीचा आवाज काढत बोलायचे. ते म्हणायचे, दोन खऱ्या आकड्यांच्या मधे एक खोटा आकडा बसवणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट. काल वीस होतं, उद्या बावीस आहे, तर आज एकवीस लिहून मोकळं व्हायचं. कुणी पकडू शकत नाही, कारण तो आकडा शोभतो. खरा आकडा पुष्कळदा शोभत नाही. तेव्हा जो फार शोभतोय त्याच्याकडं जरा संशयानं बघा. साहेबांच्या टेबलाशी उभ्या उभ्या त्याला मास्तरांचा तो आवाज ऐकू आला आणि त्यानं टेबलाची कड धरली. कागदावरचा आकडा शोभत नव्हता. तो खरा होता. शोभत होती ती आठवण.

साहेबांनी त्याला बसवलं, पाणी मागवलं. त्यांना वाटलं हा आनंदानं गडबडलाय. ते समजावणीच्या सुरात म्हणाले की शेऱ्याचं काही विशेष नाही, अशी चूक कुणाचीही होते, त्यातून तो दिवस तुमच्यावर कसला होता ते आम्हाला ठाऊक आहे. डोळ्यात काहीतरी गेलं असेल, वाऱ्याच्या वाट्या फिरायच्या थांबल्यासारख्या वाटल्या असतील. 'सदर शेरा नजरचुकीने लिहिला गेला' एवढी एक ओळ लिहून खाली सही करायची, की नोंद स्वच्छ. शुक्रवारच्या टपालानं गेली पाहिजे. ते असंही बोलून गेले की अशा दिवशी, अशा सकाळीसुद्धा तुम्ही निरीक्षण सोडलं नाहीत, हे वाचून समितीतल्या एकाचे डोळे भरून आले म्हणे. त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. तो उठून बाहेर आला आणि जिन्यात काही वेळ कठड्याला धरून उभा राहिला.

घर अंगणापलीकडंच होतं, सरकारी, दोन खोल्यांचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पेटी सरळ दिसायची. चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी, आत तापमापक, आणि शेजारी खांबावर गरगर फिरणाऱ्या वाऱ्याच्या तीन वाट्या. बायकोनं चोवीस वर्षं त्या खिडकीतून हे बघितलं. त्याच्या जाण्यायेण्यावर तिचं घर चालायचं. आतून विचारायची, आठ वाजले का? ते वाजायच्या आत तो चपला घालायचा, तो पेटीचं दार लावायचा तेव्हा ती चहाखालचा गॅस लावायची, आणि वही लिहून तो आत यायचा तेव्हा कप भरलेला असायचा. तिला स्वतःला घड्याळ बघायला आवडत नसे. म्हणायची, घरात एक असताना दुसरं कशाला. भांडण झालं की म्हणायची, माझा ताप बघायला डॉक्टर लागतो, वाऱ्याचा बघायला मात्र तुम्ही पळता. यात कडवटपणा किती होता हे त्यानं कधी मोजलं नव्हतं. मोजायची साधनं सगळी अंगणात होती. त्या संध्याकाळी तो खिडकीशी उभा राहिला आणि बाहेर बघत असताना त्याला अशी शंका आली की आपण जर आत्ता इथून बघितलं तर पेटीपाशी आपणच उभे असलेले दिसू, कडी धरून. त्यानं बघितलं. कुणी नव्हतं. वाट्या फिरत होत्या. पण मग तो खिडकीतून बाजूला झाला तेव्हा त्याला वाटलं की पाठीमागं आता आपण पेटीपाशी येऊन उभे राहिलो असू.

मुलीचा फोन आला. तिला बाईंनी कळवलं होतं, बाईंच्या पोटात काही राहत नसे. ती भरभरून बोलली, म्हणाली सोबत मीच येणार, तुमचा कोट नवा शिवायचा, त्या जुन्यात तुम्ही चौकीदार दिसता. मग हळू आवाजात म्हणाली, आई असायला हवी होती. तो हो म्हणाला. म्हणाली, सगळं जपलंत बाबा तुम्ही, काम पण, आणि आईपाशी पण होतात. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला सांगायचं होतं, पण काय सांगायचं होतं तेच अजून ठरलं नव्हतं. एक मार्ग होता, आणि तो त्याला दुपारपासून दिसत होता. समितीला लिहायचं की वाचन खोटं आहे, मी त्या दिवशी तिथं नव्हतो, आकडे मागाहून भरले. दाबाचं काय ते त्यांचं ते बघतील. सन्मान जाईल, नाव खराब होईल, पण रेघ परत मिळेल. ती सकाळ परत मिळेल. एका सहीत. कुणी काही म्हणू शकणार नाही, माणूस स्वतःवरच बालंट घेतोय म्हटल्यावर कोण तपासायला जातं.

गुरुवारी सकाळचं वाचन घेऊन तो दवाखान्यात गेला. चालत वीस मिनिटं. वाटेत जुन्या छापखान्याची भिंत, मग पाण्याची टाकी, मग उतार. त्या वॉर्डात तो तीन वर्षांत गेला नव्हता. कोपऱ्यातली तिची खाट रिकामी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. खिडकी होती. तिला झडपा नव्हत्या. निळा जाड पडदा होता, कडेला ओढलेला, आणि काचेतून सरळ अख्खा उजेड आत येत होता. त्यानं चौकटीवरून हात फिरवला. झडपांचे खिळे असतील, बिजागऱ्यांची भोकं असतील, रंगाखाली काहीतरी असेल. चौकट गुळगुळीत होती. मागून कुणीतरी विचारलं, काय शोधताय?

सिस्टर होत्या. त्या वेळी वॉर्डात होत्या त्याच, आता केस पांढरे झालेल्या. त्यानं विचारलं, इथं आधी लाकडी पट्ट्या होत्या का खिडकीला? त्या म्हणाल्या, मी अठरा वर्षं आहे इथं, पडदाच आहे, एकदा बदलला, तेव्हाही निळाच आणला. मग त्यांनी त्याला नीट निरखून पाहिलं आणि एक पाऊल मागं घेतलं. म्हणाल्या, तुम्ही ते पेटीवाले ना.

त्याला समजलं नाही. त्यांनी त्याला खाटेच्या कडेवर बसवलं आणि सांगितलं. सांगताना हातातल्या चादरीची घडी घालत होत्या, मोडत होत्या, परत घालत होत्या. रात्रभर तुम्ही बसून होतात. साडेसात झाले तसे उठलात. घड्याळ बघितलंत, त्यांच्या पांघरुणाची कड सारखी केलीत, आणि गेलात. बोलला नाहीत काही. मला वाटलं चहा घ्यायला. मग जरा वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, आठ वाजले का? वाजत होतेच. मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, मग ते आता पेटीपाशी असतील. मला वाटलं तुम्ही कुठं गाण्याच्या साथीला पेटी वाजवता, म्हणून मी म्हटलं, येतील हो, गाणं संपलं की. त्यावर हसल्या. खरंच हसल्या. आणि तिकडं तोंड करून पडून राहिल्या, खिडकीकडं. आठ वाजून दहा मिनिटांनी गेल्या. वेळ मीच लिहिली कागदावर.

मग त्यानं विचारलं, मी केव्हा आलो?

"पावणेनऊला," सिस्टर म्हणाल्या. "मी दारातच तुम्हाला थांबवायला आले. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत होते. तर तुम्हीच म्हणालात, माहीत आहे. मी म्हटलं, काय माहीत आहे? तर म्हणालात, आठ-दहाला ना? मी अजून कुणालाच वेळ सांगितली नव्हती हो. डॉक्टरांनासुद्धा नाही. माझ्या अंगावर काटा आला. मग तुम्ही आत येऊन बसलात आणि त्यांचं बोट धरलंत."

त्याला यातलं काही आठवत नव्हतं. त्यानं आठवायचा प्रयत्न केला तर पुन्हा त्या पट्ट्याच आल्या, उजेडाची एक, सावलीची एक. आता त्या कुठल्या ते त्याला माहीत होतं. पेटीला चारी बाजूंनी तशाच तिरक्या पट्ट्या असतात, वारा आत यावा आणि ऊन येऊ नये म्हणून. पण कोवळं ऊन अगदी खालून येतं तेव्हा थोडं चुकवून आत शिरतं, आणि दार उघडून आत डोकं घातलेल्या माणसाच्या मनगटावर पट्ट्या पडतात. दाराची कडी पितळेची असते, बोटाएवढी जाड. सकाळी तिच्यावर दव असतं. एकतीस वर्षं त्यानं ती धरली होती. इतकी ओळखीची वस्तू, आणि त्यानं तिच्या जागी बायकोचं बोट बसवलं होतं, मास्तर म्हणायचे तसं, दोन खऱ्यांच्या मधे. रात्री तो जवळ होता, हे खरं. पावणेनऊला होता, हे खरं. मधला सव्वा तास त्यानं भरून काढला होता, आणि तो असा शोभला होता की तीन वर्षांत त्याला स्वतःला सापडला नाही. आणि तो जो आवाज थांबला होता, तो तिच्या श्वासाचा नव्हता. वाट्यांचा होता. त्या फिरताना बारीक करकरतात, तेल कितीही घाला. ती करकर आठ वाजून दहा मिनिटांनी थांबली होती, आणि कडी धरून उभ्या असलेल्या त्या माणसानं वर बघितलं होतं, आणि घड्याळ बघितलं होतं, आणि वहीत लिहिलं होतं. सवय, दुसरं काय. जे दिसलं ते लिहायचं. मग वही ठेवून तो माहीत असलेल्या गोष्टीकडं चालत गेला होता.

उतार चढताना त्याला दम लागला. टाकीपाशी तो थांबला. वारा बऱ्यापैकी होता, कागदाचे कपटे भिंतीशी गोल फिरत होते. आठाचं वाचन साधारण पाच मिनिटांचं. आठ-पाचला दार लावून माणूस मोकळा व्हायला हवा. मग मी आठ-दहापर्यंत तिथं काय करत होतो, असं त्यानं स्वतःला विचारलं. बायको इकडं दवाखान्यात त्याच्या पेटीपाशी असण्याची वेळ विचारत होती, आणि तो तिकडं काम संपूनही कडी सोडत नव्हता. त्याला एकदम फार भीती वाटली, भर सकाळी, रहदारीच्या रस्त्यावर, आणि ती कशाची हे कळेना. छतावरचं यंत्र तीस फूट उंचीवर होतं. त्याच्या कागदावर शाईची रेघ कुठंही तुटली नव्हती. म्हणजे त्या मिनिटाला वरती वारा होता, खाली नव्हता. म्हणजे तो अंगणातल्या तेवढ्याच तुकड्यात थांबला होता, जिथं तो उभा होता.

संध्याकाळचं वाचन झाल्यावर त्यानं मुलीला फोन केला. एरवी तीच करायची, त्यामुळं तिनं उचलल्या उचलल्या विचारलं, बरं आहे ना? तो म्हणाला, मी तिथं नव्हतो. कुठं, तिनं विचारलं. आई गेली तेव्हा. मी तुला चुकीचं सांगितलं. मला तसंच वाटत होतं, पण ते चुकीचं होतं. मग ती म्हणाली, अगदी लहान आवाजात, "मग कुठं होतात?"

"पेटीपाशी."

"तिनं काही विचारलं?"

"आठ वाजले का, एवढंच."

मुलगी रडायला लागली. रागानं की कशानं, ते त्याला फोनवरून कळलं नाही आणि त्यानं ते विचारलंही नाही. जरा वेळानं ती म्हणाली, ती रोज तेच विचारायची. तो म्हणाला, हो. मग ती म्हणाली की मला आज बोलता येणार नाही बाबा, मी नंतर करीन, आणि फोन ठेवला. नंतर केव्हा, ते ती बोलली नाही.

शुक्रवारी त्यानं खुलासा लिहून आवक-जावक बाईंपुढं ठेवला. साहेबांनी सांगितलेली ओळ त्यात नव्हती, आणि त्याला दिसलेली दुसरी वाट, वाचन खोटं आहे म्हणण्याची, तीही नव्हती. तीन वाक्यं होती. सदर निरीक्षण मी स्वतः घेतले आहे. शेरा बरोबर आहे, आठ-दहाला वारा पूर्ण थांबला होता, एक मिनिट. यंत्राच्या नोंदीशी तो जुळत नाही हे मला मान्य आहे, पण मी पाहिले ते लिहिले आहे आणि ते खोडण्यास मी तयार नाही. बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, अहो यानं सन्मान जाईल की. चुकीची नोंद आहे ती आहेच, वर म्हातारा हट्टी आहे असं लिहितील. तो म्हणाला, जाऊ दे. त्यांनी शिक्का उचलला आणि हातातच धरून ठेवला. त्यानं विचारलं, त्या दिवशी तुम्ही खिडकीत होतात, वाट्या थांबल्या होत्या का हो? बाईंनी विचार केला. त्या थट्टा करायच्या विसरल्या होत्या. "मी तुमच्याकडं बघत होते," त्या म्हणाल्या, "वाट्यांकडं नाही." आणि त्यांनी जावकचा शिक्का मारला.

शनिवारी आठला तो नेहमीसारखा बाहेर पडला. घरातून आवाज यायचा थांबून तीन वर्षं झाली होती, तरी उंबऱ्यावर तो क्षणभर रेंगाळला, कुणी वेळ विचारतंय का म्हणून. पेटीच्या दाराची कडी गार होती, दवानं ओली. त्यानं दार उघडलं, पारा वाचला, मलमल गुंडाळलेल्या ओल्या तापमापकाचा आकडा वाचला, वाट्यांचा आकडा लिहून घेतला. आठ-पाच झाले. मनगटावर उजेडाच्या पट्ट्या पडल्या होत्या, एक सोडून एक. वाट्या करकरत होत्या. त्यानं दार लावायला हात घातला आणि लावलं नाही. आठ-सहा. आठ-सात. घराच्या खिडकीकडं त्याची पाठ होती आणि त्या पाठीवर त्याला कुणाची तरी नजर जाणवत होती, चहाखालचा गॅस लावण्यासाठी वाट बघणारी. त्यानं वळून बघितलं नाही. आठ-दहा झाले. वारा होता तसाच होता. त्यानं वहीत शेऱ्यापुढं लिहिलं, वारा चालू, आणि पेन टेकवून ठिपका दिला. मग मुठीतली कडी कशाची आहे हे आता पुरतं माहीत असूनही त्यानं ती तशीच धरून ठेवली, गार होती तोवर.